पानांच्या कडा करपतायत? पाणी वाढवण्याआधी हे तपासा

मार्चचा दुसरा आठवडा लागला की माझ्या फोनवर करपलेल्या पानांचे फोटो यायला सुरुवात होते. अँथुरियम, कॅलेथिया, पीस लिली, अरेका पाम. टोक तपकिरी, कड पापडासारखी कुरकुरीत, आणि खाली एकच ओळ: "ताई, पाणी तर रोज घालतेय की." गेली बारा वर्षं जुळे सोलापुरात शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात मी ही एकच तक्रार निस्तरत आलेय. कड करपलेली दिसली की बहुतेक जण आधी पाणी वाढवतात. माझ्यासमोर मेलेल्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडं त्या वाढवलेल्या पाण्यानंच गेली. म्हणून फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आज पाणी घालू नका, आधी बघूया.

ही झाडं मुळात कुठली आहेत हे ध्यानात घ्या. अँथुरियम कोलंबिया आणि इक्वेडोरच्या ओल्या जंगलांतलं, अरेका पाम मादागास्करचा, मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातला. तिथं हवा ओली, ऊन मोठ्या झाडांच्या पानांतून गाळून खाली येणारं, आणि पाणी पावसाचं, म्हणजे क्षार जवळजवळ नसलेलं. आपल्याकडे तिन्ही गोष्टी उलट. थंड देशांतले लोक हीच झाडं काचघरात ठेवतात ती गारठ्यापासून वाचवायला. आपल्याला ती वाचवायची आहेत कोरड्या हवेपासून, पश्चिमेच्या उन्हापासून आणि बोअरच्या पाण्यापासून. गारठ्याचा त्रास आपल्याकडे फार थोडे दिवस असतो, त्याचं पुढे सांगते.

आधी लक्षणं नीट बघा

"पान करपलंय" एवढ्यावर काही कळत नाही. कुठं करपलंय, कोणतं पान, करपलेला भाग कोरडा की ओला, हे बघायला पाच मिनिटं द्या.

फक्त टोक आणि कड तपकिरी, कोरडी, आणि हिरव्या भागाच्या सीमेवर पिवळी रेघ असेल तर संशय क्षारांवर किंवा कोरड्या हवेवर. पानाच्या मधोमध पांढरट, कागदासारखा डाग आणि तोही फक्त खिडकीकडच्या पानांवर, तर ते ऊन. कड काळपट आणि मऊ, पान लोंबलेलं, माती मात्र ओली, तर मुळं कुजतायत. पान वरून फिकट, बारीक ठिपक्याठिपक्यांचं, धुरकट दिसतंय, तर खालच्या बाजूला कोळी आहेत. आणि पाण्यात भिजल्यासारखे, तेलकट दिसणारे डाग असतील, भोवती पिवळं वलय असेल, तर मधलं सगळं सोडून शेवटचा भाग वाचा.

आणखी एक खूण फार उपयोगी पडते. करपलेली पानं फक्त जुनी, खालची आहेत की नवं कोवळं पानसुद्धा तसंच निघतंय? फक्त जुनी असतील तर ती इजा बऱ्याचदा मागची, संपलेली असते. नवं पान उमलतानाच कड जळलेली घेऊन आलं, तर कारण आजही कुंडीत हजर आहे.

पहिलं: ऊन. याला पैसा लागत नाही

दुपारी तीन वाजता कुंडीपाशी जा आणि पानावर हात धरा. हाताची सावली ठळक, काठ स्पष्ट पडली तर ते ऊन या झाडांना जास्त आहे. अस्पष्ट, विरळ सावली पडायला हवी. जानेवारीत जी बाल्कनी झाडाला मानवली होती तीच एप्रिलमध्ये भट्टी होते, कारण सूर्य सरकतो आणि पारा ४२-४३ अंशांवर जातो. एका दुपारीत पान भाजतं, त्यामुळे "काल तर छान होतं" हे खरंच असतं.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवा. जागाच नसेल तर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, पण ती काचेच्या आतून लावू नका. काच तापून आत जी धग साठते ती आतल्या जाळीनं अडत नाही. सिमेंटच्या कट्ट्यावरची कुंडी खालूनही भाजते, म्हणून तिच्याखाली लाकडाची फळी किंवा दोन विटा ठेवा.

दुसरं: बोट

मधलं बोट मातीत दोन पेरं खाली घाला. वरची माती कोरडी आणि खाली ओल असेल तर पाणी नको, झाड कितीही सुकलेलं दिसू दे. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, पान तहानल्यासारखं लोंबतं, आणि आपण ओल्या मातीवर आणखी पाणी ओततो. तहानलेलं झाड पाणी दिल्यावर तीन-चार तासांत उभं राहतं. दुसऱ्या दिवशीही ते तसंच लोंबलेलं असेल तर तहान हे कारण नव्हतं.

तिसरं: पांढरा कागद

पानाखाली पांढरा कागद धरून पान दोनदा झटका. कागदावर पडलेले मिरपुडीएवढे ठिपके चालायला लागले तर ते लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत त्यांची पिलावळ झपाट्यानं वाढते, म्हणून आपल्याकडे मार्च ते मे हा त्यांचा हंगाम. झाड मोरीत नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेनं धुवा. संध्याकाळी एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब मिसळून फवारा, आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या फवाऱ्यातून अंडी वाचतात. उन्हात फवारलंत तर तेलानं पान भाजेल. कोळी म्हणजे कीटक नव्हे, त्यामुळे किड्यांवरची नेहमीची औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. शेतातलं औषध घरातल्या कुंडीवर मारायचं तर मुळीच नाही. घरात लहान लेकरं असतात आणि बंद खोलीत तो वास दोन-दोन दिवस राहतो.

चौथं: तुम्ही घालता ते पाणी कुठलं?

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सोलापुरात दहातली सहा-सात झाडं माझ्या हातात इथंच सापडतात.

आपल्याकडे उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवायचं आणि झाडांना बोअरचं घालायचं, ही घराघरातली रीत. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, बादलीच्या काठाला जी खरबरीत पुटं धरतात, तेच क्षार कुंडीतही जातात. झाड पाणी ओढून पानांतून हवेत सोडतं, क्षार मात्र हवेत उडत नाहीत. ते पाण्याबरोबर वाहत पानाच्या टोकाला आणि कडेला पोचतात आणि तिथंच साठतात. म्हणून आधी टोक जळतं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त ओढलं जातं आणि तितके क्षार जास्त साठतात. त्यामुळे ज्या पाण्यावर झाड पावसाळाभर तग धरतं त्याच पाण्यानं ते एप्रिलमध्ये जळतं.

आता फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं. हे मी स्वतः केलंय म्हणून कळकळीनं सांगते. आरओ फिल्टरचं वेस्ट पाणी ओतून देववत नाही, तेही आपल्यासारख्या पाण्याला तरसलेल्या गावात. मी दोन वर्षं ते अँथुरियमला घातलं आणि पाच कुंड्या घालवल्या. हिशेब सोपा आहे. फिल्टरमध्ये चार लिटर पाणी गेलं, एक लिटर प्यायला मिळालं, तर त्या चार लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या तीन लिटरमध्ये आले. म्हणजे मुळात जड असलेलं पाणी आणखी जड करून आपण ते सगळ्यात नाजूक झाडाला पाजतो. ते पाणी फरशीला, गाडी धुवायला, संडासच्या बादलीला वापरा. कूलरच्या टाकीतलं पाणी तर याहून वाईट, कारण दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. अपार्टमेंटला सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याचंही घालू नका. सॉफ्टनर चुना काढतो पण बदल्यात सोडियम सोडतो, आणि सोडियम या मुळांना जास्त जाचतो.

तपासायला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं यंत्र घ्या, काही शे रुपयांत येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलीग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. कॅलेथिया एवढं सोसत नाही. माझा अनुभव असा की कॅलेथिया आणि ऑर्किडला २००च्या आत हवं, अँथुरियम आणि पीस लिली ४५०पर्यंत निभावतात, मनी प्लांट त्याहून बरंच जास्त काढतो. आमच्या बोअरचा आकडा १,२००च्या आसपास येतो.

पाणी रात्रभर उघडं ठेवलं की चालतं, असं बरेच जण सांगतात. त्यानं क्लोरिन उडतो, क्षार उडत नाहीत. उकळून थोडा चुना खाली बसतो, बाकीचे क्षार उलट आटून दाट होतात. तुरटीनं गाळ बसतो, विरघळलेलं मीठ तसंच राहतं. खरा उपाय म्हणजे हलकं पाणी मिसळणं. एक भाग बोअरचं १,२०० आणि तीन भाग फिल्टरचं गोड पाणी ४० चं घेतलं, तर मिश्रण साधारण ३३० वर येतं.

सगळ्यात चांगलं पावसाचं. शंभर चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ९० लिटर पाणी होतं. आपल्याकडे जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो, म्हणून जूनमध्ये दोन सरी पडल्या नि थांबल्या तरी पिंप आवरून ठेवू नका. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्या, नंतरचं झाकणाच्या पिंपात भरा आणि झाकणाखाली पातळ कापड बांधा. उघड्या पिंपात डासांची पैदास होते.

कुंडीत आधीच साठलेले क्षार धुवून काढायला लागतात. मातीवर, कुंडीच्या आतल्या काठाला पांढरी पापडी दिसत असेल तर वरची अर्धा इंच माती खरवडून टाका. मग कुंडीच्या दुप्पट पाणी, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला २० लिटर, तीन वेळा थांबून थांबून सोडा आणि पूर्ण निथळू द्या. बशीत साठलेलं पाणी लगेच फेका, नाहीतर तेच क्षार माती परत वर ओढते. हे काम दीड-दोन महिन्यांतून एकदा. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरं दिसलं तर घाबरू नका, तिथून क्षार बाहेर पडतायत. आणि दुसऱ्या तपासणीत माती चिखल लागली असेल तर हे धुणं करू नका, थेट सहाव्या पायरीवर जा.

खताचंही इथंच सांगून टाकते, कारण खतसुद्धा क्षारच. ज्यांचं शेत आहे त्यांच्या घरात डीएपीची पिशवी असते आणि "एक चमचा टाकला" हे मी कितीदा तरी ऐकलंय. एका कुंडीला तो चमचा फार होतो. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, तेही झाड नवी पानं काढत असेल तरच. करपलेल्या झाडाला महिनाभर काहीच नको. ड्रेसिना आणि स्पायडर प्लांटला सुपर फॉस्फेट कधीच घालू नका. त्यात फ्लोराइड असतं आणि या दोघांची टोकं त्यानं हमखास जळतात.

पाचवं: हवा

पाणी सुधारूनही नव्या पानाची कड जळत असेल तर हवेकडे वळा. एक साधा आर्द्रतामापक खोलीत ठेवा. एप्रिलच्या दुपारी तो २० टक्क्यांच्या आसपास दाखवेल. कॅलेथियाला निदान ५०-६० हवी.

बाटलीनं पाणी फवारणं सगळे करतात. त्याचा परिणाम काही मिनिटं टिकतो आणि बोअरचं पाणी असेल तर पानावर पांढरे डाग उरतात. त्यात वेळ घालवू नका. खडी भरलेल्या ताटलीचाही फायदा थोडाच. आपल्या घरात याहून चांगलं साधन आहे, ते म्हणजे कूलर. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो ती खोली या झाडांची. फक्त थेट झोतात ठेवू नका, बाजूला सहा-सात फुटांवर ठेवा. झाडं एकमेकांना खेटून ठेवा, एकाचा ओलावा दुसऱ्याला मिळतो. न्हाणीघराला खिडकी असेल तर पीस लिली तिथं सुखानं राहते. माझ्या भावजयीनं माशांची रिकामी काचपेटी आडवी ठेवून त्यात दोन लहान कॅलेथिया जपल्यात, आणि गेल्या मेमध्येही त्यांच्या कडा शाबूत होत्या. पेटी उन्हात मात्र ठेवायची नाही.

गारठ्याचं आता. जानेवारीत, सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरते त्या सुमाराला, काही रात्री पारा १२-१३ अंशांखाली उतरतो. खिडकीच्या काचेला चिकटलेल्या पानांवर काळपट, ओलसर डाग पडले तर ते त्याचं. कुंडी काचेपासून हातभर आत घ्या, फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवा, पाणी निम्मं करा आणि सकाळी ऊन वर आल्यावरच द्या. दोन आठवड्यांत तो प्रश्न संपतो.

सहावं: कुंडी उपसून मुळं बघणं

हे शेवटी ठेवलंय कारण यात झाडाला हिसका बसतो. एप्रिल-मेच्या भर उन्हाळ्यात करावंच लागलं तर सूर्य मावळल्यावर करा.

झाड बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट आणि टणक असतात. तपकिरी, दाबल्यावर साल निघून येणारी, वास मारणारी मुळं गेलेली. स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं ती कापा, पानंही तितक्याच प्रमाणात कमी करा, कारण उरलेली मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत.

मग मातीचा विचार करा. पुष्कळ जण नर्सरीतून आणलेलं झाड मोठ्या कुंडीत हलवताना शेतातली काळी माती भरतात. ज्वारीला ती सोन्यासारखी, कारण ती ओल धरून ठेवते. अँथुरियमची मुळं निसर्गात झाडाच्या खोडावर, पालापाचोळ्यात असतात, त्यांना हवा लागते. काळ्या मातीत ती ओली असताना गुदमरतात आणि सुकून भेगा पडल्या की तुटतात. मी भरते ते मिश्रण असं: कोकोपीट दोन भाग, नारळाच्या शेंडीचे तुकडे दोन भाग, विटांचे आणि कोळशाचे बारीक तुकडे एक भाग, गांडूळखत एक भाग. कोकोपीटची वीट भिजवून तीनदा धुवून पिळून घ्या. त्यातही बऱ्याचदा मीठ असतं. धुतलेलं शेवटचं पाणी मीटरनं तपासलंत तर खात्री पटेल.

लावल्यावर एकदाच पाणी आणि मग दहा-बारा दिवस सावलीत. या काळात पान थोडं मान टाकेल, तरी हात आवरा. करपलेली कड परत हिरवी होत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे बघून अंदाज बांधू नका. पुढचं नवं पान स्वच्छ कडेचं आलं की काम झालं, आणि त्याला सहा-आठ आठवडे लागू शकतात.

कुठं थांबायचं आणि कुणाला विचारायचं

तेलकट, पाणी भरल्यासारखे डाग आणि भोवती पिवळं वलय असेल तर तो अँथुरियमचा जिवाणूजन्य करपा असू शकतो. डाळिंबवाल्यांना तेल्या रोग माहीत आहे. त्याच कुळातल्या जिवाणूचं हे दुसरं रूप समजा. यावर घरगुती उपाय करत बसू नका. कुंडी लगेच वेगळी करा, पाणी पानांवर उडू देऊ नका, ती कात्री दुसऱ्या झाडाला लावू नका. पान बंद पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रातल्या पीक संरक्षण तज्ज्ञांना दाखवा. त्यांनी काढून टाका म्हटलं तर काढून टाका, जीव तुटला तरी. एका झाडापायी बाकीची जातात.

खोडाचा बुंधाच मऊ होऊन बोटानं दबत असेल तर एकदा कापून पुन्हा लावून बघा. दुसऱ्यांदा तेच झालं तर थांबा. आणि ज्यांनी शेडनेटमध्ये विक्रीसाठी झाडं लावलीत त्यांनी दोन ओळींत एकसारखी लक्षणं दिसताच तज्ज्ञ बोलवावा. माझ्यासारखीच्या घरगुती अनुभवावर तेवढा पैसा लावू नका.

मीटरवर पाणी २,००० च्या वर दिसलं, किंवा पाणी बदलूनही दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर पाणी आणि माती प्रयोगशाळेत द्या. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत ही तपासणी होते. मोटर दहा मिनिटं चालू ठेवून नंतरचं पाणी घ्या, प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर तारीख, बोअरची खोली आणि "कुंडीतल्या झाडांसाठी" असं लिहा. अहवालात फक्त एकूण क्षार बघून थांबू नका, सोडियमचा आकडा कोणता आहे तेही तिथल्या माणसाला विचारून घ्या. क्षार जास्त आणि सोडियम कमी असेल तर पाणी मिसळून निभावता येतं. सोडियमच जास्त निघाला तर ते बोअर या झाडांसाठी बंद, पिंपातल्या पावसाच्या पाण्यावर जेवढी झाडं जगतील तेवढीच ठेवायची.